ओजिमातला सराव

जमीन हलायची थांबली की थोड्याच वेळात माझ्या दारावर थाप पडायची आणि बाहेरून आवाज यायचा, "हजेरी!"

मी दार उघडून म्हणायचे, "आहे, काका." काका मान हलवायचे आणि पुढच्या दाराकडे जायचे. जपानमधल्या ओजिमातल्या त्या जुन्या सरकारी इमारतीत आमच्या मजल्यावर बरीच भारतीय कुटुंबं राहत होती. काका एकेक दार वाजवत टोकापर्यंत जायचे. टोकाच्या घरात एक जपानी आजी एकट्या राहत. त्या मजल्यावरच्या हजेरीचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगितला नव्हता, पण दार उघडून त्या शाळेतल्या मुलीसारखं "हाय!" म्हणत. जपानीत त्याचा अर्थ हो. काकांना सगळ्या मजल्यावर त्यांचीच हजेरी सर्वांत पसंत होती.

मोठ्या भूकंपाला तेव्हा काही वर्षं होऊन गेली होती. छोटे धक्के येत राहायचे आणि आम्हाला त्यांची सवय झाली होती. छताचा दिवा हलला की मी एकदा वर बघायचे आणि हातातलं काम पुढे चालू ठेवायचे. काकांनी सवय करून घेतली नाही. मी एकदा त्यांना विचारलं, "काका, भीती वाटते का हो तुम्हाला?"

"छे. उलट बरं वाटतं."

"बरं?"

"सगळंच हलतं ना तेव्हा," ते म्हणाले, आणि उजवा हात स्वेटरच्या खिशात घातला.

त्या वेळी मला त्यातलं काही कळलं नाही. मी फार विचारणाऱ्यांपैकी नव्हते. काकांना माझ्यात तेवढंच आवडत असावं. "तू साक्षीदार म्हणून एक नंबर आहेस," ते म्हणायचे. "विचारल्याशिवाय बोलत नाहीस आणि विचारलं त्यापेक्षा जास्त सांगत नाहीस."

काका खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावाहून आले होते. पोलीस इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा मुलगा आणि सून दोघंही जवळच्या तोयोसु भागातल्या ऑफिसांमध्ये नोकरी करत. मीही तिथेच, दुसऱ्या एका कंपनीत, सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करायचे. काकांची बायको गेली, नात लहान होती, म्हणून मुलाने त्यांना इकडे आणलं. मुलाचा व्हिसा वरच्या दर्जाचा होता. तसल्या व्हिसावर नातवंडं सांभाळायला आजी किंवा आजोबांना इथे राहता येतं, पण नातवंडाला सात वर्षं पूर्ण होईपर्यंतच. त्यानंतर परत जायचं. काका या नियमाला तडीपारी म्हणत. "पोरीचा वाढदिवस आला की मला हद्दीबाहेर काढणार," असं ते नातीच्या समोरच म्हणायचे. इरा, त्यांची नात, मराठी समजायची पण उत्तर जपानीत द्यायची. आजोबा काहीतरी गमतीचं बोलले एवढं तिला कळायचं, आणि ती हसायची.

काकांच्या कमरेला, स्वेटरच्या खाली, कातडी होल्स्टर असायचं. त्यात चष्म्याची डबी. पहिल्यांदा त्यांनी माझ्यासमोर चष्मा काढला तेव्हा मी घाबरून मागे सरकले होते. उजवा हात सरळ कमरेकडे गेला, स्वेटर वर झाला, कातड्याचं बटण टक्‌कन उघडलं आणि बाहेर आली निळी डबी. चष्मा लावून ते नातीच्या बालवाडीतून आलेला कागद उलटा धरून बघत राहिले. तो सगळा जपानीत होता, म्हणून सुलटा धरला तरी फरक पडला नसता.

"आत असायचं ते कुठंय?" मी विचारलं. माझ्या मानाने हे फार झालं.

"रिव्हॉल्वर? बंदुकीच्या दुकानात जमा आहे. परदेशात जायचं तर घरात ठेवता येत नाही."

"सरकारी होतं?"

"सरकारी निवृत्तीच्या दिवशी परत केलं. हे माझं स्वतःचं. परवान्याचं." मग म्हणाले, "परवाना होता. मुदत संपली इथे बसून."

हॉटेलात ते नेहमी भिंतीला पाठ लावून बसत. जागा नसेल तर बाहेर थांबत. ट्रेनमध्ये दाराशेजारच्या आडोशाला पाठ टेकवून उभे राहत आणि चढणाऱ्या प्रत्येकाच्या हातांकडे बघत. "आधी हात बघायचे, मग तोंड," ते सांगत. "तोंड काय, कोणीही सरळ करतं." सकाळी ते इराला बालवाडीत सोडायला निघत, तेव्हा मीही स्टेशनकडे निघालेली असायची. ते माझ्या पुढे चार पावलं चालत. बरोबर चाललं तर दोघं एकाच वेळी सापडतात, असं त्यांचं म्हणणं. कोणाला सापडतात, ते मी विचारलं नाही. ओजिमात सकाळच्या वेळी आमच्यासमोर सायकलवरच्या आया आणि कुत्र्यांना फिरवणारे म्हातारे याशिवाय कोणी येत नसे.

वाटेत पोलिसांची चौकी होती. काचेचं दार, एक टेबल, भिंतीवर नकाशा. तिथल्या तरुण पोलिसाला काका रोज थांबून कडक सलाम ठोकत. तो आधी गोंधळायचा, मग वाकून नमस्कार करायचा, आणि पुढे पुढे तोही कपाळाला हात लावू लागला. त्याच्या पिस्तुलाला कमरेच्या पट्ट्याशी बांधलेली एक वळ्यावळ्यांची दोरी होती. काकांना ती बिलकूल आवडली नव्हती. "बैलासारखं बांधून ठेवलंय," ते पुटपुटत. पण एकदा इराने त्यांना सांगितलं की इथली मुलं पोलिसाला ओमावारी-सान म्हणतात, म्हणजे फेरी मारणारे, तेव्हा ते खूश झाले. "बरोबर आहे. पोलिसाने फिरलंच पाहिजे. बसला की संपला."

कचऱ्याचं प्रकरण अजून आमच्या इमारतीत निघतं. कोणीतरी चुकीच्या दिवशी चुकीचा कचरा टाकत होतं आणि पिशवीवर लाल चिठ्ठी लागून ती तिथेच राहत होती. भारतीयांचंच काम, अशी कुजबुज होती. काका हातमोजे घालून खाली गेले, मला आणि सुनेला पंच म्हणून उभं केलं, आणि पिशवी उघडली. वहिनी तोंड वळवून म्हणत होत्या, "बाबा, अहो, लोक बघतायत."

"बघू देत. पंचनामा उघड्यावरच करायचा असतो."

आतून कढीपत्ता, मसाल्याची रिकामी पाकिटं आणि कुरिअरच्या खोक्यावरचा पत्ता निघाला. चौथ्या मजल्यावरची पुण्याची तीन मुलं. काका वर गेले. काय बोलले माहीत नाही, पण पुढे ती मुलं दुधाची खोकी धुऊन, कापून, सपाट करून, दोरीने बांधून ठेवायला लागली. त्यातल्या एकाने मला लिफ्टमध्ये विचारलं, "ते अजून सर्व्हिसमध्ये आहेत का गं?"

हे सगळं गमतीचं वाटतं आणि आम्ही गंमत म्हणूनच घेत होतो. काकांचा सराव मात्र मला गमतीचा कधी वाटला नाही.

इराला सोडून आल्यावर ते कालव्याजवळच्या उद्यानात जात. मी रजेवर घरी असले की माझ्या खिडकीतून ते दिसायचे. पाण्याने भरलेली मोठी बाटली उजव्या हातात, हात सरळ समोर, आणि ते तसेच उभे. बाटलीतलं पाणी हिंदकळत राहायचं. मग बाटली खाली ठेवून दोन बोटं पुढे काढून ते कशावर तरी नेम धरायचे, एक डोळा मिटून, श्वास रोखून. पुन्हा बाटली. जपानी म्हातारे शेजारीच रेडिओवर कवायत करत असत, त्यामुळे काका त्यांच्यातलेच एक वाटायचे.

कारण त्यांनी मला स्वतःहून सांगितलं. आम्ही इमारतीखालच्या बाकावर बसलो होतो, मी ऑफिसातून येऊन, ते इराला खेळवत. इरा मातीत रेघा मारत होती.

"परत गेलो की नवा परवाना काढायचा," ते म्हणाले. "पूर्वी आमच्या शब्दावर व्हायचं. आता कदम सांगतो, निवृत्त साहेब असो नाहीतर शेतकरी, सगळ्यांना तीच परीक्षा. डॉक्टरचा दाखला. शस्त्र उघडून, भरून, रिकामं करून दाखवायचं. आणि चांदमारी. कागदावर गोळ्या झाडायच्या."

कदम म्हणजे त्यांचे जुने सहकारी. त्यांचा फोन दर रविवारी यायचा.

"तुम्हाला काय अवघड आहे काका?"

त्यांनी खिशातला उजवा हात काढला आणि गुडघ्यावर ठेवला. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होती, जशी आई पिठाची चिमूट भुरभुरताना घासते. थांबतच नव्हती.

"डॉक्टरांना दाखवलात हात?"

"हात काय, ज्योतिषाला दाखवतात."

"काका."

"घरात बोलायचं नाही. साक्षीदार आहेस ना तू?"

मग माझ्या लक्षात एकेक गोष्ट यायला लागली. जपानात वस्तू देताना, घेताना दोन्ही हात लावायची रीत आहे. दुकानदार सुटे पैसे देतो तेसुद्धा दोन हातांनी. काकांनी ही रीत इतकी मनापासून उचलली होती की सगळे कौतुक करायचे. चहाचा कप दोन हातांनी, पुस्तक दोन हातांनी, इराच्या डब्याची पिशवीसुद्धा दोन हातांनी. "बाबा आमच्याहून जपानी झालेत," त्यांचा मुलगा पाहुण्यांना सांगायचा. एका हाताने दुसरा धरून ठेवता येतो, हे कोणाच्या मनात आलं नव्हतं.

"रिव्हॉल्वर हवंच कशाला पण?" मी विचारलं.

"घर एकट्याचं आहे," ते म्हणाले आणि इराला हाक मारली.

इराच्या वाढदिवसाला थोडे महिने उरले असताना एक दिवस दुपारी ऑफिसात माझ्या फोनवर एक संदेश आला. आमच्या भागात काही संशयास्पद घडलं की रहिवाशांना असे संदेश येतात. कोणी मुलींचा पाठलाग केला, कोणी सायकल पळवली. मी सहसा वाचतही नसे. हा वाचला आणि हातातला डबा तसाच मिटून ठेवला.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. वहिनी आलेल्या नव्हत्या. काका जमिनीवर बसून मटार सोलत होते. दाणे पातेल्यात कमी आणि सतरंजीवर जास्त पडले होते. इरा टीव्ही बघत होती.

"काका, एक वाचून दाखवायचंय."

"वाच."

मी जपानीतून मराठीत करत वाचत गेले. "आज सकाळी ओजिमातल्या उद्यानात एक माणूस..."

"इसम," काका म्हणाले. "पोलिसांच्या कागदात माणूस नसतो. एक अनोळखी इसम."

"एक अनोळखी इसम. परदेशी असावा. वय साठच्या पुढे. मध्यम उंची, तपकिरी स्वेटर. हाताची बोटं पिस्तुलासारखी करून लहान मुलांच्या दिशेने नेम धरत होता. असा इसम दिसल्यास जवळ जाऊ नये. मुलांना एकटं सोडू नये."

काकांनी मटारची शेंग खाली ठेवली. मग म्हणाले, "मध्यम उंची? भरतीला मी रांगेत सगळ्यांत उंच होतो. आणि स्वेटर तपकिरी नाही, खाकी आहे. काय वर्णन लिहितात! असल्या वर्णनावर आरोपी सापडेल का?"

"काका, आता काय करायचं?"

"करायचं काय? हजर व्हायचं."

"आत्ता?"

"मग काय फरार म्हणून झोपू?"

तेवढ्यात वहिनी आल्या. "कुठे निघालात दोघं?"

"बीटवर," काका म्हणाले आणि बूट घालायला वाकले. नाडी त्यांना बांधता येईना. मी खाली बसून बांधली. वहिनी बघत राहिल्या.

चौकीत तोच तरुण पोलीस होता. आम्हाला बघून तो उठला आणि सवयीने त्याचा हात कपाळाकडे गेला. काकांनी सलाम केला नाही. "आज नाही," ते मला म्हणाले. "आज मी टेबलाच्या या बाजूला आहे. सांग त्याला, तो इसम मीच."

मी सांगितलं. पोलिसाने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "उद्यानात आपण काय करत होता?"

"सराव."

"कसला?"

मी काकांकडे बघितलं. "जे आहे ते सांग," ते म्हणाले. "कमी नाही, जास्त नाही."

मी सांगितलं की हे भारतात पोलीस अधिकारी होते, आता निवृत्त आहेत, परत गेल्यावर त्यांना पिस्तुलाची परीक्षा द्यायची आहे. ऐकल्यावर तो पोलीस पुन्हा उभा राहिला आणि वाकला. मग बसला. त्याच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं दिसत होतं. आता एवढं सांगून आपण घरी जाऊ असं मलाही वाटलं.

पण काका म्हणाले, "त्याला सांग, तक्रार खोटी आहे. मुलांवर नेम नव्हता. विजेच्या खांबावर होता. शिकाऊ पोरगासुद्धा मुलं असतील तिकडे हात करत नाही."

पोलिसाने भिंतीवरच्या नकाशाजवळ जाऊन बोट ठेवलं. "आपण इथे उभे होता. खांब हा इथे. बरोबर?"

"बरोबर."

"खांबाच्या मागे हा रस्ता आहे. त्या वेळी बालवाडीची मुलं तिथून ओळीने जात होती. पिवळ्या टोप्या घातलेली. शिक्षिकेने आपल्याला बघितलं आणि मुलांना खाली बसवलं."

मी मराठीत सांगितलं. काका नकाशाकडे बघत राहिले.

"खाली बसवलं?" त्यांनी विचारलं.

"हो, असं म्हणतायत."

"आणि मी काय केलं?"

मी तो प्रश्न जपानीत केला. पोलीस थोडा घुटमळला. "आपण नेम धरून उभेच होता."

काका खुर्चीवर मागे रेलले. म्हणाले, "मला दिसली नाहीत." मी ते सांगायच्या आत पुन्हा म्हणाले, "सांग त्याला. मला मुलं दिसलीच नाहीत."

पोलिसाने विचारलं, आपण कसे उभे होता ते दाखवाल का. काका उठले. पाय थोडे फाकवले, डावा हात कमरेवर, उजवा समोर. दोन बोटं पुढे. या वेळी दुसऱ्या हाताचा आधार घ्यायला वाव नव्हता. हात चांगलाच हलत होता. पोलिसाने आधी त्या हाताकडे बघितलं, मग काकांच्या तोंडाकडे, आणि मग नजर खाली करून टेबलावरचं पेन सरळ ठेवलं.

"ही परीक्षा देणं आवश्यक आहे का?" त्याने विचारलं. "कोणाची भीती आहे का?"

हा प्रश्न मी कधी असा सरळ विचारला नसता. काकांनी उत्तर दिलं. ते थांबून थांबून बोलत होते आणि मी त्यांच्या जागी "मी" म्हणत जपानीत सांगत होते. दारूच्या धंद्यातला एक माणूस होता. त्याला मी त्याच्या भावाच्या लग्नात पकडलं. वरातीतून. नुसतं पकडलं नाही, हातात बेड्या घालून भर बाजारातून चालवत नेलं. पोलिसाने मधेच विचारलं, "चालवत का? गाडी नव्हती?"

"होती," काका म्हणाले. "लोकांनी बघावं म्हणून चालवलं."

त्या माणसाने वाटभर मान वर केली नाही. ठाण्याच्या दारात फक्त एवढंच बोलला, साहेब, मी घरी येईन. शिक्षा भोगून सुटला. काही वर्षांनी खरंच आला. "मी मागच्या खोलीत पडद्याआड रिव्हॉल्वर घेऊन उभा," काका सांगत होते. "बायकोने दार उघडलं. त्याला बसवलं, चहा दिला. साहेब कुठेत, तो म्हणाला. ती म्हणाली, अंघोळीला गेलेत. तो बसून राहिला. किती वेळ बसला! मग त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आणि पेढे ठेवून गेला. मी बाहेर आलो तर बायको पेढा खात होती. म्हणाली, अहो, बरा माणूस आहे. मी म्हटलं, घर बघून ठेवायला आला होता. ती हसली. लग्नाला एकटी जाऊन आली."

"तो माणूस परत आला का?" पोलिसाने विचारलं.

"नाही. ती होती तोवर आला असता तर तिने उघडलं असतं." काकांनी उजवा हात डाव्या हाताखाली दाबून धरला. "आता मला उघडावं लागेल."

मी हे वाक्य जपानीत करायला वेळ लावला. शब्द सोपे होते. बाहेर रस्ता ओलांडायच्या सिग्नलचा पक्ष्यासारखा आवाज येत होता. मग पोलीस म्हणाला की उद्यानात कृपया सराव करू नका, एवढीच विनंती आहे. शिक्षिकेला तो स्वतः जाऊन समजावेल.

"नोंद?" काका म्हणाले. "डायरीत नोंद कुठे केली त्याने?"

"तो म्हणतो गरज नाही."

"गरज नाही कशी? इसम हजर झाला. कबूल झाला. लिहायला सांग."

मी सांगितलं. पोलीस ओशाळून हसला, आपण एकाच खात्यातले आहोत अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला. काका हसले नाहीत. शेवटी त्याने काहीतरी लिहिलं. काकांनी ते कागदावर उमटेपर्यंत बघितलं आणि मग सलाम केला.

येताना ते माझ्या पुढे चालले नाहीत. बरोबर चालले. "चांदमारीत पहिल्या दिवशी काय शिकवतात ठाऊक आहे?" ते म्हणाले. "निशाणाच्या मागे काय आहे ते आधी बघा. मी किती पोरांना शिकवलं असेल. एकाने चूक केली होती, मागे गुराखी होता, त्याला मी दिवसभर उन्हात उभा केला होता."

"काका, तुमच्या हातात काही नव्हतं."

"हातात नव्हतं," ते म्हणाले. "डोक्यात तर होतं ना?"

त्या आठवड्यात त्यांच्या मुलाने मला व्हरांड्यात गाठलं. इतका शांत माणूस, पण गळ्यातलं ऑफिसचं ओळखपत्र हातात घट्ट आवळून उभा होता. "तू त्यांना चौकीत घेऊन गेलीस? मला एक फोन करता आला नाही? माझा व्हिसा, इराची शाळा, सगळं या देशाच्या कागदांवर आहे."

"त्यांनीच जायचं ठरवलं होतं," मी म्हणाले.

"त्यांनी आयुष्यभर ठरवलंच आहे." मग आवाज खाली आणून म्हणाला, "हात केव्हापासून हलतोय?"

मी विचारलं तेवढंच सांगितलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला. मग मुलाने त्यांना डॉक्टरकडे नेलं. आजाराचं नाव निघालं, गोळ्या सुरू झाल्या. त्याने इथल्या कचेऱ्यांमध्ये अर्ज केले, विनंत्या केल्या, आजारी बापाला ठेवून घेता येईल का विचारलं. सगळीकडे माणसं वाकून, दिलगिरी व्यक्त करून नाही म्हणाली. नोकरी सोडून आपण परत जाऊ, असंही त्याने एकदा काढलं. काकांनी त्याला बोलू दिलं नाही. "तुझी ड्युटी इथे," ते म्हणाले. "माझी तिथे."

सराव त्यांनी सोडला नव्हता. उद्यानात जात नसत, पण घरात बाटली असायची. एकदा मी गेले तर ते भिंतीकडे तोंड करून हात धरून उभे होते, आणि इरा भिंत आणि त्यांच्यामध्ये येऊ नये म्हणून त्यांनी मध्ये दोन खुर्च्या आडव्या लावल्या होत्या.

इरा सात वर्षांची झाली. केक कापला, मुलांनी जपानी गाणं म्हटलं, काका भिंतीला पाठ लावून टाळ्या वाजवत होते. नंतर काही दिवसांनी ते गेले. निघताना मजल्यावरचं प्रत्येक दार वाजवलं. त्या दिवशी हजेरी म्हणाले नाहीत. टोकाच्या जपानी आजींनी तरीही "हाय!" म्हटलं. मला म्हणाले, "जबाब बदलायचा नाही, काय? वरच्या कोर्टात गेलं तरी." मी मान हलवली.

पुढे धक्के येत राहिले. दिवा हलला की मी वर बघायचे आणि मग दाराकडे.

उन्हाळ्यात एका रविवारी त्यांनी मला व्हिडिओवर फोन केला. आधी छत दिसलं, पंखा दिसला, मग त्यांचा कान आणि मग चेहरा. फोन त्यांनी शेवटी टेबलावर कशाला तरी टेकवून उभा केला. ते बारीक झाले होते.

"गेलो होतो रेंजवर," ते म्हणाले.

"मग?"

"तिथला हवालदार माझ्याच हाताखाली शिकलेला. मला बघून पोराने खुर्ची पुसली. चहा मागवला. डॉक्टरचा दाखलासुद्धा म्हणाला, साहेब, मी बघतो, तुम्ही काळजी करू नका. मी म्हटलं, आधी चांदमारी. उभा राहिलो. मागे मातीचा बांध आहे, तो दोनदा बघितला. मग झाडल्या."

"लागल्या?"

"कागद कोरा. एक भोक नाही. आणि हा गाढव कागदाकडे न बघताच म्हणतो, झालं साहेब, उत्तम. पास."

मागे कुठेतरी कुकरची शिट्टी वाजली, शेजारच्या घरात असावी.

"मी म्हटलं, कागद आण इकडे. आणला. म्हटलं, काय दिसतंय? खाली बघतो. म्हटलं, नापास लिही. लिहीना. म्हणाला, साहेब, माझ्या हाताने नाही होणार. डोळ्यात पाणी काढलं येड्याने. मग मीच अर्ज मागे घेतला. रिव्हॉल्वर दुकानदाराला विकून टाक म्हणून सांगून आलो."

मी विचारलं, "जेवणाचं काय करता?"

"डबा येतो."

"आणि काका, दार कोण उघडतं?"

"कोण उघडणार? मीच."

"आधी कोण आहे ते विचारता ना?"

"नाही विचारत."

"का?"

"विचारलं की उत्तर येईपर्यंत उभं राहावं लागतं," ते म्हणाले. "ते होत नाही माझ्याच्याने."

आम्ही इराच्या शाळेबद्दल बोललो. ती आता जपानी अक्षरं माझ्यापेक्षा चांगली काढते, असं मी सांगत होते. तेवढ्यात त्यांच्याकडे बेल वाजली. काकांनी दाराच्या दिशेला बघितलं. डबेवाल्याची वेळ आहे का, असं मी विचारणार होते, पण ते उठले होते. फोन टेबलावर तसाच राहिला. मला समोरची भिंत आणि रिकामी खुर्ची दिसत होती. चपलांचा आवाज लांब गेला, थांबला. मग कडी काढायचा आवाज आला. ती त्यांच्या हाताला लागत नसावी. ती बराच वेळ खडखडत राहिली, आणि तेवढ्या वेळात एकदाही ते कोण आहे म्हणाले नाहीत.